खेळायचे कोणाशी, विकायचे कोणाबरोबर



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. शिक्षणसंस्थेने पैसा कुठून आणावा, यावर आपण वारंवार चर्चा करतो. पण पैसा देणारी बाजू हळूहळू संस्थेचे सोबती, तिचे वेळापत्रक आणि तिच्या विद्यार्थ्यांचे दिवस कसे ठरवू लागते, हा पुढचा प्रश्न बहुधा राहून जातो. अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा कॉन्फरन्सेसची, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांची, गेल्या चाळीस वर्षांत जी मोडतोड झाली, तिच्यात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ दिसते, कारण तिथले प्रत्येक पाऊल करारांत, न्यायालयांत आणि जाहीर ठरावांत नोंदले गेले आहे. पर्ड्यू, ॲरिझोना स्टेट, यूएससी ही नावे आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ठाऊक आहेत. आपली मुले जिथे शिकायला जातात, त्याच विद्यापीठांची ही हकिकत आहे.

घडले ते थोडक्यात असे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅक-१२ नावाची बारा विद्यापीठांची कॉन्फरन्स होती. तिची परंपरा १९१५ साली पोर्टलंड शहरात स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सपर्यंत मागे जाते. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी ती सोडून बिग टेन या मध्यपश्चिमेतल्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हकडे निघाले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये जाणार हे ठरले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकावरच्या किनाऱ्याचे, सदस्य होणार हे ठरले. बारापैकी दहा गेली; ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन मागे उरली. यातले एकही विद्यापीठ जागेवरून हललेले नव्हते. हलले होते ते फक्त प्रक्षेपणाच्या हक्कांचे मूल्य. माझे म्हणणे असे की दोष दूरचित्रवाणीच्या पैशाचा नाही. विद्यापीठ ज्यांच्याशी खेळते तो गट आणि ज्यांच्याबरोबर मिळून प्रक्षेपण विकते तो गट एकच ठेवला गेला, ही खरी चूक आहे. हे दोन गट वेगळे ठेवता येतात, काही ठिकाणी ते आजही वेगळे आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय ही मोडतोड थांबणार नाही.

कॉन्फरन्स मुळात कशासाठी निर्माण झाली, हे आधी पाहायला हवे. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शेजारच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना शिकागोत बोलावले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्याच पामर हाउस हॉटेलात शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन या सात विद्यापीठांचे प्राध्यापक-प्रतिनिधी जमले आणि आज बिग टेन म्हणून ओळखली जाणारी कॉन्फरन्स स्थापन झाली. त्या काळी अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचा तो धसमुसळा खेळ, विद्यापीठांत बेबंद माजला होता. संघात भाडोत्री खेळाडू असत, वर्गात न बसणारे विद्यार्थी असत. म्हणून पहिला आग्रह असा होता की मैदानात उतरणारा खराखुरा, पूर्णवेळ आणि अभ्यासात मागे न पडलेला विद्यार्थी असला पाहिजे. असा नियम एकट्या विद्यापीठाला पाळणे परवडत नाही, कारण न पाळणारा शेजारी जिंकतो. सर्वांनी मिळून पाळला तरच तो टिकतो. कॉन्फरन्स ही अशा रीतीने परस्परांवर घातलेल्या बंधनाची संस्था होती, आणि तिचा कारभार प्राध्यापकांच्या हाती होता. शेजार हा तिचा आधार होता. एकमेकांच्या कारभारावर नजर ठेवता येईल आणि आगगाडीने जाऊन सोमवारी वर्गात परतता येईल, एवढ्या अंतरातले ते सोबती होते. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली फुटबॉलच बंद केला आणि पुढे कॉन्फरन्स सोडली, तोही शैक्षणिक कारणाने घेतलेला निर्णय होता. सदस्यत्व बदलायला त्या काळात अशी कारणे लागत.

दूरचित्रवाणी आली तेव्हा विद्यापीठांना तिची पहिल्यांदा भीतीच वाटली. घरबसल्या सामना दिसला तर मैदानात कोण येणार? म्हणून १९५१ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, फुटबॉलच्या प्रक्षेपणावर स्वतःचे नियंत्रण बसवले आणि सर्व सदस्यांच्या वतीने मोजक्या सामन्यांचे हक्क विकायला सुरुवात केली. १९८२ पासूनच्या योजनेत एबीसी आणि सीबीएस या दोन वाहिन्यांनी चार वर्षांसाठी प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येऊ शकत नव्हता. या व्यवस्थेत अन्याय होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९८१ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी हा सामना दोनशे केंद्रांवरून दाखवला गेला, त्याच वेळी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना चार केंद्रांवरून दिसला, आणि चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे न्यायालयात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. ही योजना सामन्यांची संख्या दाबते, किंमत बांधून टाकते आणि प्रेक्षकांची पसंती बाजूला सारते, असा त्याचा गाभा होता. भिन्नमत नोंदवणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, आणि ते स्वतः विद्यार्थिदशेत कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठांच्या खेळाला शुद्ध व्यापाराचे माप लावू नये, या नियंत्रणामागे शैक्षणिक हेतू आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

या निकालाने प्रेक्षकांचा फायदा झाला, यात शंका नाही. पूर्वी शनिवारी मोजके सामने दिसत, आता दिवसभर दिसू लागले. पण एक प्रश्न निकालाने उघडा ठेवला. एनसीएएने सगळ्यांच्या वतीने विकायचे नाही, तर मग विकायचे कोणी? एकटे विद्यापीठ वर्षाला पाच-सहाच घरचे सामने देऊ शकते. वाहिनीला भरपूर सामने हवे असतात. १९९० मध्ये नोट्र डामने एनबीसीबरोबर स्वतंत्र करार केला, पण देशभर चाहते असलेली अशी विद्यापीठे विरळाच. बाकीच्यांना गट हवा होता, आणि तयार गट म्हणून शेवटी कॉन्फरन्सच उरली. शिस्तीसाठी उभारलेली संस्था अशा रीतीने विक्रीसाठी वापरात आली. कोणी तसा ठराव केला नाही, तसे धोरण आखले नाही. पण गट एकदा विक्रीसाठी वापरला की त्याची रचनाही विक्रीच्याच सोयीने होऊ लागते. दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, आर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन सदस्यसंख्या बारा केली, कारण बारा सदस्य असले की दोन विभाग करून विजेतेपदाचा एक जादा सामना खेळवता येत होता. तो १९९२ मध्ये पहिल्यांदा खेळला गेला, आणि दूरचित्रवाणीला एक नवा मोठा सामना मिळाला. १९१४ पासूनची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये संपली. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर यांनी बिग एट कॉन्फरन्सच्या आठ विद्यापीठांबरोबर बिग ट्वेल्व्ह उभी केली. राइस, ह्यूस्टन, टीसीयू आणि एसएमयू ही चार बाहेर राहिली. यांतल्या एसएमयूने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळवण्यासाठी प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला आपला वाटा नऊ वर्षे सोडून दिला. बाहेर राहणे किती महाग पडते, याचे माप यावरून घेता येईल.

२००७ मध्ये बिग टेनने फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी सुरू केली, तेव्हा हिशेब आणखी उघड झाला. केबल कंपनी अशा वाहिनीसाठी प्रत्येक घरामागे महिन्याला रक्कम देते, आणि कॉन्फरन्सचे विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथल्या घरामागचा दर बाहेरच्या दराच्या कितीतरी पट असतो. सामना पाहणारे घर आणि न पाहणारे घर, दोघांकडूनही पैसे येतात. मग नवा सदस्य निवडताना त्याच्या मैदानावरच्या कामगिरीपेक्षा त्याच्या अवतीभवतीच्या केबल जोडण्यांची संख्या महत्त्वाची ठरणारच. २०१४ मध्ये मेरिलँड आणि रटगर्स यांना बिग टेनमध्ये घेतले गेले. त्यांतून वॉशिंग्टन-बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सी हे दोन मोठे केबल प्रदेश कॉन्फरन्सला मिळाले. लोक केबल सोडून स्ट्रीमिंगकडे वळू लागले तसा हिशेब फिरला; आता घरांच्या संख्येपेक्षा देशभर ज्यांचे सामने पाहिले जातात अशी मोठी नावे मोलाची झाली. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीकडे गेली आणि यूएससी बिग टेनकडे, ती या दुसऱ्या हिशेबाने. यूएससी आणि यूसीएलए यांचे येणे ठरल्यावर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२२ मध्ये, बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार जाहीर केला. त्याचे मूल्य सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की केबलच्या काळातले तर्कशास्त्र पंधरा वर्षांतच जुने झाले, पण त्यासाठी तोडलेले शेजार परत जुळले नाहीत. करार काही वर्षांचा असतो. त्यासाठी मोडलेले संबंध शंभर वर्षांचे असतात.

मैदानावरच्या गुणवत्तेचा या निवडीशी किती संबंध होता, हे २०२३ च्या हंगामाने दाखवले. २३ सप्टेंबर रोजी पुलमन गावात ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एकमेकांशी खेळले, तेव्हा दोन्ही संघ राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पंचवीसांत होते. देशातल्या उत्तम संघांत गणल्या जाणाऱ्या या दोघांनाच कोणत्याही मोठ्या कॉन्फरन्सने घेतले नव्हते. त्यांची कॉर्व्हॅलिस आणि पुलमन ही गावे लहान आहेत, जवळ मोठी बाजारपेठ नाही, एवढेच त्यांचे उणेपण. त्याच मोसमात पॅक-१२ चे वॉशिंग्टन विद्यापीठ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचले. म्हणजे कॉन्फरन्स मोडली ती खेळात कमी पडून नव्हे. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन्ही शेती, पशुवैद्यक, अभियांत्रिकी शिकवण्यासाठी केंद्र सरकारच्या जमीन-अनुदानाच्या कायद्यातून उभी राहिलेली सार्वजनिक विद्यापीठे आहेत. मोठ्या शहरांपासून दूर असणे त्यांच्या कामाला धरूनच होते. आज त्याच गोष्टीची शिक्षा त्यांना झाली. उरलेल्या मालमत्तेवर आणि कारभारावर हक्क सांगण्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले, आणि तो हक्क त्यांनी मिळवला. पण न्यायालय त्यांना शेजारी परत देऊ शकत नव्हते.

आता भार कोणावर पडला ते पाहू. अंतराचा मुद्दा काढला की विमानाचे युग आहे, असे उत्तर येते. फुटबॉलपुरते ते बरेचसे खरे आहे. फुटबॉलचा संघ हंगामात बारा सामने खेळतो, त्यांतले निम्मे परगावी, आणि ते बहुधा शनिवारी. पण कॉन्फरन्स बदलली की विद्यापीठाचे बहुतेक सगळे खेळ तिच्याबरोबर जातात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर, टेनिस यांचे सामने आठवड्यात एकाहून अधिक असतात आणि मधल्या वारीही होतात. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंतचे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आहे, घड्याळात तीन तासांचा फरक आहे. फुटबॉलच्या करारासाठी हा प्रवास करायचा, आणि करायचा त्या मुलींनी, ज्यांच्या खेळाचा त्या करारात नाममात्र उल्लेख आहे. ही चिंता टीकाकारांची कल्पना नाही; ती विद्यापीठांच्या स्वतःच्या नियामकांनीच मान्य केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएला जाण्याची परवानगी देताना प्रवास, आहार आणि मानसिक आरोग्य यांसाठी जादा खर्च करण्याची अट घातली, आणि मागे राहणाऱ्या बर्कलीला भरपाई द्यावी असेही ठरवले. पुढे ती रक्कम वर्षाला एक कोटी डॉलर ठरली. नुकसान झाले नसते तर भरपाई कशाची? स्टॅनफर्डचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या विद्यापीठाशी संबंधित खेळाडूंनी ३९ पदके मिळवली; पोहणे, वॉटर पोलो, जिम्नॅस्टिक्स ही त्याची बलस्थाने. अशा विद्यापीठाला फुटबॉलच्या हिशेबापायी मायामी ते बॉस्टन अशा किनाऱ्यावर आपले घर शोधावे लागले, आणि तेही अनेक वर्षे कमी वाटा स्वीकारून.

यावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना गंभीरपणेच उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा की विद्यापीठीय खेळ कधीच व्यापारापासून मुक्त नव्हता, तेव्हा हरवलेल्या पावित्र्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. वस्तुस्थिती म्हणून हे खरे आहे. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली नौकांची शर्यत ही अमेरिकेतली पहिली आंतरविद्यापीठीय स्पर्धा मानतात, आणि तिचा खर्च प्रवासी मिळवू पाहणाऱ्या एका रेल्वे कंपनीने उचलला होता. १९२९ च्या कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालातही विद्यापीठीय खेळांतल्या पैशाच्या शिरकावाची सविस्तर नोंद आहे. म्हणूनच मी पैशाला दोष देत नाही. पण त्या रेल्वे कंपनीने हार्वर्डला येलशी खेळू नको, तुझ्यासाठी दूरचा अधिक फायद्याचा प्रतिस्पर्धी शोधला आहे, असे सांगितले नव्हते. व्यापार खेळाला खर्च पुरवतो ही एक अवस्था आहे. व्यापार सोबती निवडतो ही दुसरी. पहिलीवरून दुसरी अटळ ठरत नाही.

दुसरा आक्षेप: पॅक-१२ स्वतःच्या नाकर्तेपणाने बुडाली. २०१२ मध्ये तिने पूर्ण मालकीची वाहिनी काढली, भागीदार घेतला नाही, डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या वितरकाशी तिचा करार कधी झालाच नाही, आणि शेवटी ॲपलच्या स्ट्रीमिंग प्रस्तावाखेरीज हातात काही उरले नाही. हे सारे मला मान्य आहे. पण गैरव्यवस्थापनामुळे कोणती कॉन्फरन्स बुडाली एवढेच कळते. एखादी बुडालीच पाहिजे अशी व्यवस्था का होती, हे कळत नाही. वाईट करार करणाऱ्या संस्थेने काही वर्षे कमी उत्पन्नात काढावीत, नेतृत्व बदलावे, पुढचा करार बरा करावा, ही नेहमीची गोष्ट झाली. इथे एका फसलेल्या कराराची परिणती शंभर वर्षांची संघटना मोडून पडण्यात झाली, कारण सदस्यांना एकत्र ठेवणारे बंधन करारापुरतेच उरले होते. जिने उत्तम करार केला त्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचीही अवस्था पाहा. २०३६ पर्यंतचे हक्क सदस्यांनी तिच्याकडे लिहून दिले होते; बाजारभाव वाढल्यावर तोच करार फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन यांना जाचक वाटू लागला आणि ती न्यायालयात गेली. मार्च २०२५ च्या तडजोडीत प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला जास्त, या तत्त्वाने वाटायचे ठरले. म्हणजे कॉन्फरन्सच्या आतही आता सदस्य एकमेकांचे सोबती कमी आणि एकाच दुकानातले भागधारक जास्त झाले. वाईट कराराने एक मोडली, चांगल्या कराराने दुसरी पोखरली. दोष कराराच्या प्रतीत नाही हे यावरून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हाच पैसा बाकीचे खेळ जगवतो. यूसीएलएच्या क्रीडाविभागाला करोनाकाळात कोट्यवधी डॉलरची तूट आली होती. बिग टेनमध्ये गेलो नसतो तर काही खेळ बंद करावे लागले असते, अशी भूमिका त्याच्या प्रमुखांनी मांडली. आणि आता खेळाडूंनाही वाटा मिळतो. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. खेळाडूंना हा हक्क मिळाला ते योग्यच झाले. दशकानुदशके त्यांच्या श्रमावर इतरांनी उत्पन्न मिळवले, आणि तो अन्याय न्यायालयांनी दूर केला. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. वाट्यातला बहुतेक भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. लांबचा प्रवास मात्र जलतरणपटूला, व्हॉलीबॉलपटूला करावा लागतो. उत्पन्न एका हाती, भार दुसऱ्यावर. शिवाय पैसा वाढतो त्या वेगाने खर्चही वाढतो, कारण प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पुढे जाण्यासाठी प्रशिक्षकाच्या पगारावर आणि इमारतींवर तो ओततो. म्हणून पुढच्या कराराच्या वेळी पुन्हा अधिक मोठा गट हवासा वाटतो. पैसा बाकीच्या खेळांना जगवतो हे खरे असेल, तर त्याच पैशासाठी त्या खेळांचे घर मोडण्याची गरज का पडावी, हा माझा प्रश्न आहे.

गरज नाही, असे माझे उत्तर आहे, आणि पुरावा अमेरिकेतच आहे. व्यावसायिक फुटबॉलची संघटना, एनएफएल, १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याच्या आधाराने सर्व संघांचे राष्ट्रीय प्रक्षेपण एकत्र विकते आणि उत्पन्न समान वाटते. त्यामुळे ग्रीन बेसारख्या लहान शहरातला संघ न्यूयॉर्कच्या बरोबरीने उभा राहतो, आणि कोणालाही चांगल्या करारासाठी विभाग सोडून पळावे लागत नाही. आपल्याकडच्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले तेही एकत्रितपणे. संघांनी ते वेगवेगळे विकले नाहीत. खुद्द एनसीएएची पुरुषांच्या बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा आजही एकत्र विकली जाते. सीबीएस आणि टर्नर यांच्याशी तिचा करार २०३२ पर्यंत आहे, आणि लहान विद्यापीठांपर्यंत उत्पन्न पोचवणारा तो सर्वांत मोठा झरा आहे. फुटबॉल एकीकडे आणि बाकीचे खेळ दुसरीकडे ठेवण्याचा प्रयोगही नवा नाही: नोट्र डाम फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे आणि बहुतेक इतर खेळांत अटलांटिक कोस्टचे सदस्य. विद्यापीठीय खेळांच्या सुधारणेसाठी काम करणाऱ्या नाइट कमिशनने २०२० मध्येच मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉल एनसीएएच्या चौकटीतून वेगळा काढावा अशी शिफारस केली होती. फुटबॉलचे प्रक्षेपण सर्व मोठ्या विद्यापीठांनी एकत्र विकावे, त्याचे सामने हवे तर राष्ट्रीय पातळीवर आखावेत, आणि बाकीचे खेळ पुन्हा शेजारच्या कॉन्फरन्समध्ये आणावेत, हे करणे शक्य आहे. यात कोणाचे प्रक्षेपण दाबले जात नाही. म्हणून १९८४ च्या निकालाचा जो खरा आक्षेप होता, तो इथे लागू पडत नाही.

एकत्र विक्री ही मक्तेदारीच नाही का, असा शेवटचा आक्षेप उरतो. कायद्याच्या दृष्टीने त्यात धोका आहे, म्हणूनच संसदेची मान्यता लागेल. १९६१ चा कायदा व्यावसायिक संघांना ती देतो, विद्यापीठांना देत नाही. तो विद्यापीठांपर्यंत वाढवावा असे विधेयक वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी इतर सदस्यांबरोबर २०२५ मध्ये मांडले. बिग टेन आणि एसईसी या कल्पनेला विरोध करतात, आणि तो समजण्यासारखा आहे: २०२६ पासूनच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या उत्पन्नातला सुमारे ५८ टक्के वाटा या दोघींना मिळणार आहे. पण या दोन कॉन्फरन्सेसमधली बहुसंख्य विद्यापीठे राज्यांची आहेत, करदात्यांची आहेत. आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाला मागे टाकून मिळवलेला वाटा हा त्या राज्याचा लाभ म्हणता येत नाही. ऑरेगन राज्याने एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले, आणि वाटेत विमानांचा खर्च केला. मक्तेदारीची खरी भीती असेल तर आजच्या स्थितीकडे पाहावे. दोन कॉन्फरन्सेस आणि मूठभर वाहिन्या मिळून कोण मोठे राहील हे ठरवत आहेत, आणि त्यांच्यावर कोणाचेही जाहीर नियंत्रण नाही. संसदेने दिलेली सवलत निदान अटींसह देता येते: सर्वांना वाटा, महिलांच्या खेळांना संरक्षण, प्रवासाला मर्यादा.

शेजार टिकवून ठेवण्याची इच्छा असेल तर तो टिकतो, याचेही उदाहरण आहे. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी १९५४ मध्ये करार करून खेळासाठी शिष्यवृत्ती न देण्याचे ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले ते कोलंबिया त्या आठांपैकी एक. सत्तर वर्षांत त्यातले एकही विद्यापीठ गेले नाही, नवे कोणी आले नाही. श्रीमंत संस्थांना ते परवडते, असे कोणी म्हणेल. पण स्टॅनफर्ड आणि यूएससी याही श्रीमंत संस्था आहेत. त्यांचे शेजार टिकले नाहीत. फरक संपत्तीचा नाही. आठांना बांधून ठेवणारा करार विद्यार्थी कोण आणि खेळ कशासाठी, याविषयीचा आहे. त्याची बोली कोणी वाढवू शकत नाही. सर्वांनी आयव्ही लीग व्हावे असे मी सुचवत नाही. ज्या संघटनेचा पाया विक्रीबाहेरच्या एखाद्या समजुतीवर आहे तीच बाजारभाव बदलल्यावर उभी राहते, एवढेच या उदाहरणातून घ्यायचे.

म्हणून माझा निष्कर्ष अमेरिकेपुरता मर्यादित नाही, जरी पुरावा तिथला असला तरी. सार्वजनिक संस्थेने उत्पन्न मिळवावे, मोठे मिळवावे, निःसंकोच मिळवावे. मात्र उत्पन्नासाठी जी व्यवस्था उभी केली जाते तिला संस्थेची इतर नाती ठरवण्याचा अधिकार नकळत मिळू देऊ नये. १९८४ नंतर अमेरिकेत नेमके तेच झाले. कोणी दुष्टपणे ठरवले म्हणून नव्हे, तर हा अधिकार कोणाकडे असावा याचा निर्णयच कोणी घेतला नाही म्हणून. जो निर्णय जाणूनबुजून घेतला जात नाही, तो सर्वांत जास्त पैसे देणारा घेतो. पामर हाउसमध्ये जमलेल्या प्राध्यापकांना तो आपण घ्यायचा असतो एवढे कळले होते, आणि आजच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना, नियामक मंडळांना आणि लोकप्रतिनिधींना तो अजूनही घेता येईल. त्यासाठी पैसा नाकारावा लागत नाही. प्रक्षेपण कसे विकायचे हा प्रश्न एका टेबलावर आणि आपल्या विद्यार्थ्यांनी कोणाबरोबर खेळायचे हा प्रश्न दुसऱ्या टेबलावर ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या टेबलाभोवती शिक्षकांना बसवावे लागते.